पंधरा वर्षांची बोलेरो: ठेवावी, विकावी की भंगारात द्यावी?

वाचक भगिनीचं पत्र:

सर, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गावात राहते. अंगणवाडीत काम करते, तीन एकर कोरडवाहू आहे. माझे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी २०१० साली घेतलेली डिझेल बोलेरो दारात उभी आहे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परभणीला न्यावं लागतं, म्हणून मी स्वतः गाडी शिकले, लायसन्स काढलं. परवा पीयूसी काढायला गेले तेव्हा कळलं की गाडीची पासिंग सात महिन्यांपूर्वीच संपली आहे.

आता गावात जो तो वेगळंच सांगतोय. डिझेलची गाडी दहा वर्षांत बाद, पेट्रोलची पंधरा वर्षांत. पंपावर डिझेल देणार नाहीत, सरकार गाडी उचलून नेणार. पारावरची माणसं चिडलेली आहेत. कंपन्यांच्या नव्या गाड्या खपवायला हे सगळं चाललंय, असं म्हणतात. माझे चुलत दीर म्हणाले, "वहिनी, पंचवीस हजारांत मला देऊन टाका. पुढच्या वर्षी दहालासुद्धा कुणी विचारणार नाही." एजंटानं पासिंगचे बावीस हजार सांगितले. मिस्त्री म्हणतो, गाडी धूर टाकते, या इंजिनावर पास होणार नाही. जालन्याहून कटिंगच्या, म्हणजे भंगारात तोडलेल्या, गाडीचं इंजिन पंचेचाळीस हजारांत आणून बसवतो, ब्रेकचं सामानही त्याच गाडीचं स्वस्तात घालतो, पण बिल मिळणार नाही.

गाडी अजून मालकांच्याच नावावर आहे. आरसीवर फायनान्स कंपनीचं नावही तसंच आहे, कर्ज २०१४ लाच फिटलं. अडल्यानडल्याला गावातल्या बाळंतिणीला मी नेते, लोक डिझेलपुरते पैसे देतात. तेही चालतं का, माहीत नाही. गाडी ठेवू की देऊन टाकू? घरात विचारावं असं कुणी नाही.

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी दोन गोष्टी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. गाडी आत्ता कुणालाही पंचवीस हजारांत देऊ नका. आणि बिनबिलाचं इंजिन आणायला मिस्त्रीला एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. ही दोन्ही कामं एकदा झाली की परत फिरवता येत नाहीत. बाकी जे अडलंय ते सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

तुमच्या पारावर जे बोललं जातंय ते दिल्लीचं आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांपासून दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयानं ती २०१८ मध्ये कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून तिथल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन द्यायचं नाही असं ठरलं, कॅमेरे लावले गेले, गाड्या जप्त व्हायला लागल्या. लोकांचा इतका संताप उसळला की आठवड्याभरात तो निर्णय थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नका असं सांगितलं. डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज चार (धुराच्या सरकारी मानकांची चौथी पायरी) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. या सगळ्या बातम्यांचे तुकडे मोबाईलवर फिरत फिरत आपल्याकडे आले आणि 'दिल्ली' हा शब्द वाटेत गळून पडला.

राजधानी क्षेत्रात दिल्लीशिवाय हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानचे काही जिल्हे येतात. परभणी त्यात नाही, महाराष्ट्राचा कुठलाच भाग नाही. आपल्याला मोटार वाहन कायदा, १९८८ लागू आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी, म्हणजे आपण म्हणतो ती पासिंग, पंधरा वर्षांची असते, आणि गाडी तपासणीत ठीक निघाली की ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. इथे डिझेलला दहा वर्षांची वेगळी मर्यादा नाही. गाडीची अवस्था आणि कागद बघतात. पंधरा वर्षं झाली म्हणून थेट बाद झाल्या त्या सरकारी गाड्या. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खाती आणि महामंडळांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. तहसीलच्या आवारात टायर बसलेल्या जीपा दिसतात ना, ती ही गोष्ट. त्या बघूनही माणसांना वाटतं की आता आपला नंबर.

म्हणजे दिरांनी जी भीती घातली तिला आधार नाही. त्यांनी ती मुद्दाम घातली असं मी म्हणत नाही, त्यांनीही ती पारावरच ऐकली असेल. पण अशा अफवेच्या दिवसांत घाबरलेल्या माणसाकडून गाडी स्वस्तात घेऊन, पासिंग करून, चांगल्या भावाला विकणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. नवरा गेलेल्या बाईच्या दारात गाडी उभी असली की त्यांची चौकशी जरा जास्तच प्रेमानं सुरू होते. म्हणून भाव ठरवायचा तो कागद नीट झाल्यावर. चालू पासिंगची बोलेरो आणि पासिंग संपलेली बोलेरो यांच्या किमतीत किती फरक पडतो, ते जिंतूरच्या कुठल्याही गाडी-बाजारवाल्याला विचारा.

आता पारावरच्या चिडीबद्दल. ती सगळी चुकीची नाही. १ एप्रिल २०२२ पर्यंत मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, ती एकदम ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी तीच १०,००० केली. ज्याला नवी गाडी परवडते तो जुनी ठेवतच नाही. जुनी ठेवतो तो कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाकडे बघत हप्ता टाळणारा माणूस. फी वाढवताना ज्या गावात सायंकाळी सातनंतर एसटी नाही, त्या गावाचा विचार कुणी केला असं मला दिसत नाही. मुंबईच्या माणसाला जुनी गाडी काढून लोकलनं जाता येतं. तुमच्या सासूबाईंनी डायलिसिसच्या सुईचे व्रण घेऊन कशानं परतायचं?

पण 'धूर तर दिल्लीत, आम्हाला कशाला तपासता' हे म्हणणं मला पटत नाही. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. तुमची गाडी अंगणवाडीसमोर उभी राहून सुरू होते तेव्हा तो धूर पोरांच्या उंचीवर असतो. ब्रेक न लागणारी गाडी जिंतूर रस्त्यावरही तितकीच मारते. तपासणी हवीच. ती परवडणारी हवी, जवळ हवी, आणि नापास झाल्यावर काय करायचं ते कुणीतरी सांगणारं हवं. राग धरायचा असेल तर यावर धरा.

पैशाचा हिशोब मांडू. नूतनीकरणाची फी ५,०००, आरसीच्या स्मार्ट कार्डाचे २००. मुदत संपल्यानंतर मोटारीला महिन्याला ५०० विलंब शुल्क, सात महिन्यांचे ३,५००. हे झाले ८,७००. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर तीही लागेल. चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे पावणेनऊशेच्या आसपास. वर राज्याचा पर्यावरण कर, जो पाच वर्षांचा एकदम भरायचा असतो, आणि पीयूसी. पर्यावरण कराचा आकडा परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की दिसतो. हे सगळं धरूनही एजंटाचे बावीस हजार होत नाहीत. एजंट लावूच नका असं मी म्हणणार नाही, अंगणवाडीची सुट्टी काढून चार चकरा मारणं सोपं नाही. पण त्याला सांगा, सरकारी फी मी माझ्या मोबाईलवरून ऑनलाइन भरणार, पावती माझ्या नावानं निघणार, तुम्ही तुमच्या कामाचे किती घेणार तेवढं बोला. बहुतेकदा एवढ्यानं आकडा निम्म्यावर येतो.

दर महिन्याला पाचशे वाढतायत, म्हणून घाई इथे करा. पण त्याच्याही आधी नावाचं काम. मालक गेल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा, असा नियम आहे. अर्जाचा नमुना ३१ क्रमांकाचा. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदं आणि इतर वारसांची हरकत नसल्याचं लेखी लागेल. मुलं सज्ञान असतील तर त्यांच्या सह्या, सासूबाईंचा अंगठा. उशीर झालाय, पण वाट बंद झालेली नाही. काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा की नावबदल आणि नूतनीकरण दोन्ही अर्ज सोबत घेता का. सोबत घेतले तर तुमच्या दोन फेऱ्या वाचतील.

फायनान्स कंपनीचं नाव आरसीवर राहिलंय, ते सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा राहावा तसं आहे. कर्ज फिटलं तरी कागदावरून उतरवल्याशिवाय तो उतरत नाही, आणि नेमका विकताना किंवा नावावर करताना आडवा येतो. कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा ३५ क्रमांकाचा नमुना घ्या. २०१४ चं पत्र मालकांच्या कागदात कुठे सापडलं तर बघा. जुन्या पत्राची मुदत गेली म्हणून नवं मागतील, तरी जुनं असलं की कर्ज खातं शोधायला सोपं जातं. शाखा बंद झाली असेल तर कंपनीच्या मुख्य कार्यालयाला कर्ज खात्याचा नंबर आणि गाडीचा नंबर लिहून मेल करा, मेलची प्रत ठेवा. या एका कागदाला सगळ्यात जास्त दिवस लागतात, म्हणून तो सगळ्यांत आधी मागवून ठेवा.

विमा कुणाच्या नावावर आहे तेही बघा. मालकांच्याच नावावर असेल तर कंपनीला मृत्यूचा दाखला देऊन तुमच्या नावावर करून घ्या.

आता इंजिन. तुमचा मिस्त्री वाईट आहे असं मला वाटत नाही. त्याला जो मार्ग रोजचा आहे तो त्यानं सांगितला. पण "धूर टाकते" एवढ्यावर इंजिन बदलायचं नसतं. त्याला विचारा, धूर कुठल्या रंगाचा? काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर धुळीनं गच्च असेल, डिझेल फवारणारे नोझल गळत असतील, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं सेटिंग हललं असेल. आपल्या मातीच्या रस्त्यांवर फिल्टर किती लवकर भरतो ते तो जाणतो. नोझल आणि पंपाचं काम इंजिनच्या मानानं कितीतरी कमी पैशात होतं. निळसर धूर आणि ऑइल कमी होत असेल तर पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले. पांढरा धूर सकाळच्या गारठ्यात थोडा वेळ आला तर काही नाही, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर गॅस्केटकडे बघायचं. काळ्या धुरावर पंचेचाळीस हजारांचं इंजिन हे औषध नाही. परभणीत इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी दाखवा आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला सांगा. चारही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले तर इंजिनाला हात लावायचा नाही. एखादा फारच खाली आला तर तुमचंच इंजिन उतरवून बांधून घ्या. नंबर तुमचाच राहील, आरसीला धक्का नाही.

दुसरं इंजिन घालायचीच वेळ आली तर त्यात जोखीम कुठे आहे ते नीट समजून घ्या. इंजिनच्या ब्लॉकवर एका बाजूला सपाट जागा असते, तिथे नंबर ठोकलेला असतो. गंज, तेल, धूळ पुसून बॅटरीच्या उजेडात ती जागा बघायची. कारखान्याचा नंबर एका रेषेत, सारख्या खोलीचा असतो, आणि आजूबाजूचं ओतीव लोखंड त्याच्याइतकंच जुनं दिसतं. तीच जागा भोवतीपेक्षा चकचकीत असेल, बोट फिरवल्यावर ग्राइंडरचे बारीक ओरखडे लागत असतील, एखादा आकडा तिरका किंवा जास्त खोल असेल, तर ते इंजिन कुणाच्या तरी दारातून रात्री गेलेल्या गाडीचं असू शकतं. "बिल मिळणार नाही" हे वाक्य बहुतेक याच ठिकाणाहून येतं.

चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. बिनबिलाचा, अर्ध्या भावाचा माल घेतल्यावर "मला माहीत नव्हतं" हे पोलिसांना पटवत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की आरटीओला कळवून नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. बिनबिलाच्या इंजिनाचा नंबर तुम्ही चढवणार कसा? न चढवता गाडी तपासणीला नेली तर निरीक्षक पहिल्यांदा चेसिसचा (गाडीच्या सांगाड्याचा) आणि इंजिनचा नंबरच ताडून बघतो, आणि काम तिथेच थांबतं.

म्हणून अट घाला: दुकानदाराचा जीएसटी नंबर असलेलं बिल, ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची किंवा भंगार प्रमाणपत्राची प्रत, आणि इंजिन नंबरचा फोटो. तो नंबर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर टाकून गाडी चोरीत नोंदलेली आहे का ते बघता येतं. जालन्यात, संभाजीनगरात नीट कागद देणारे जुन्या सामानाचे दुकानदार आहेत. ते चार पैसे जास्त घेतात. ते द्यावेत.

जुन्या सामानाला मी सरसकट नको म्हणणार नाही. बोलेरोचा दरवाजा, बॉनेट, बंपर, काच, सीट, हेडलाइटचं भांडं, सेल्फ, अल्टरनेटर, अगदी गिअरबॉक्सचं कव्हर, हे चांगल्या अवस्थेतलं जुनं घेतलं तर पैसे वाचतात आणि एक वस्तू भट्टीत जायची वाचते. मराठवाड्यातल्या निम्म्या गाड्या अशाच चालतात आणि नीट चालतात. पण ब्रेकचे पॅड, शू, मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, टाय रॉड, बॉल जॉइंट, स्टीअरिंग बॉक्स आणि सीटबेल्ट यांतलं काहीही दुसऱ्याच्या गाडीतून काढलेलं घालू नका. सिलिंडरातलं रबर आतून फुगलेलं असतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि ते जातं नेमकं घाटात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. तेव्हा नव्या ब्रेकच्या सामानाचा ताजा भाव विचारा, मिस्त्रीनं सांगितलेल्या जुन्या भावावर जाऊ नका. प्रमाणात न बसणारे सुरक्षेचे भाग विकणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली एका भागाला एक लाख रुपये दंड, वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही दुकानात बोलून दाखवायला हरकत नाही.

टायर जुने घ्यायचे असतील तर बाजूवर चार आकडे वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचा, उन्हानं बारीक भेगा पडलेला टायर आपल्या एप्रिल-मेच्या डांबरावर चालवू नका.

आता अडचणीची गोष्ट. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे नोंदणीच नसलेली गाडी चालवणं. पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, पण दंडाची मला तितकी काळजी नाही. अशा गाडीखाली कुणी सापडलं तर विमा कंपनी हात वर करायला बघते आणि भरपाई तुमच्या तीन एकरावर येऊ शकते. म्हणून कागद होईपर्यंत सासूबाईंना या गाडीतून नेऊ नका. सासूबाई पंचाहत्तरच्या पुढे असतील तर एसटी मोफत आहे, तुम्हाला निम्मं तिकीट आहे. वेळ जुळत नाही हे मला माहीत आहे. निदान जाताना एसटी आणि येताना भाड्याची गाडी, असे काही आठवडे काढा. डायलिसिस युनिटमधल्या सिस्टरला सांगून सकाळची पाळी मिळते का बघा, कारण सकाळच्या पाळीच्या माणसाला परतीची एसटी सापडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. अजून त्यात नाव नसेल तर तेही करून घ्या, भाड्याचे पैसे तिथून सुटतील.

बाळंतिणीला नेण्याचं तुम्ही करता ते काम मोठं आहे, पण त्यासाठी पैसे घेऊ नका, डिझेलपुरतेही नाहीत. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत पैसे घेऊन माणसं नेली की ती विनापरवाना प्रवासी वाहतूक ठरते आणि अपघात झाला तर खासगी विमा उपयोगी पडेलच असं नाही. १०२ ची रुग्णवाहिका गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी मोफत असते, अंगणवाडीत असल्यानं तुमच्याकडे नंबर असेलच. ती आलीच नाही आणि जीवाचा प्रश्न असला तर माणूस गाडी काढतोच, तुम्हीही काढाल. पण हातात नोट घेऊ नका.

कॉम्प्रेशनचे आकडे वाईट आले, चेसिस कुजलेली निघाली, खर्च गाडीच्या किमतीच्या वर जायला लागला, तर गाडी सोडायची. तेव्हाही ती दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला द्यायची नाही. तो रोख देतो, गाडी घेऊन जातो, पण आरसी तुमच्या घरातल्या नावावरच राहते. उद्या ती नंबरप्लेट दुसऱ्या गाडीवर फिरली तर चलन आणि चौकशी तुमच्याकडे. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या, त्यांची यादी परिवहन पोर्टलवर जिल्हावार आहे. ते गाडी चोरीची नाही ना हे तपासतात, चेसिस नंबर कापतात, आरसी रद्द करतात आणि तुमच्या नावानं गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र देतात. पुढे नवी गाडी घेताना ते दाखवलं की मोटार वाहन करात सूट मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला ती २५ टक्क्यांपर्यंत देता येते, दर राज्य ठरवतं. बोलेरोसारख्या गाडीचं लोखंड पुष्कळ असतं, म्हणून दोन केंद्रांचा भाव विचारल्याशिवाय हो म्हणू नका. लोखंड शेवटी भट्टीतच जातं. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून बांधकामाची सळई करणारे कारखाने आहेतच.

पण मला वाटतं ती वेळ येणार नाही. पंधरा वर्षांची, एकाच घरानं वापरलेली बोलेरो सहसा नीट दुरुस्त होते. तपासणीला नेण्याआधी सगळे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, सीटबेल्ट चालतात का बघा. काचांना काळी फिल्म असेल तर काढा, मालकांनी लावलेले जास्तीचे फोकस उतरवा, गाडी खालून धुऊन न्या म्हणजे चेसिस नंबर वाचता येईल. नापास केली तर कारण लेखी मागा, तेवढं दुरुस्त करून परत दाखवा. कारण पटण्यासारखं नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५७ खाली तीस दिवसांत अपील करता येतं. जिंतूरला आरटीओचा कॅम्प लागत असेल तर तिथे यातलं कुठलं काम होतं ते आधी फोन करून विचारा, परभणीची एक चक्कर वाचेल.

दिरांना एवढंच सांगा, "भाऊजी, आधी नावावर करून पासिंग करून घेते, मग बघू." त्यांना गाडी खरंच हवी असेल तर ते थांबतील. तेव्हाही विकायची ठरवली तर २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या करून, नावबदल पोर्टलवर दिसेपर्यंत एक चावी तुमच्याकडे ठेवा, घरातला माणूस असला तरी. कॉम्प्रेशनचे आकडे आले की मला कळवा, चारही सिलिंडरचे वेगवेगळे लिहा.